चुलीवरचा मंदाग्नी

वैद्यकशास्त्रात मंदाग्नी हा विकार मानला आहे. जठरातील अग्नी मंदावला की अन्न पचत नाही, आणि मग त्या अग्नीला चेतविण्यासाठी चूर्णे व काढे यांचा शोध सुरू होतो. परंतु हाच मंदपणा चुलीवरच्या अग्नीने धारण केला, तर तो विकार न राहता गुण ठरतो. मांस शिजविण्याच्या बाबतीत तर त्यावाचून गत्यंतर नाही. हे तत्त्व जुन्या स्वयंपाकघरांना ठाऊक होते. नव्या स्वयंपाकघरांना ते सवडीअभावी विसरावे लागले आहे, इतकेच.

म्हैसूर शहराच्या पश्चिम भागात, कुक्करहळ्ळी तलावाच्या बाजूला, सरस्वतीपुरम ही वसाहत आहे. नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे घर क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि साताऱ्याकडचे गाव सोडून उतारवयात मुलाकडे राहावयास आलेले आजोबा. रविवारी घरात मटण शिजते. सर्वांची ताटे मांडली जातात. पण आजोबांच्या ताटात रस्सा येतो, फोडी येत नाहीत. दात गेले आहेत आणि कवळी बोचते. आजोबा तक्रार करीत नाहीत. रस्साभात कालवून ते सर्वांच्या आधी जेवून उठतात. सुनेला खटकते ते हेच उठून जाणे. एका पंक्तीस बसूनही एक माणूस पंक्तीबाहेर राहतो, आणि त्याला कारण अन्नाचा कठीणपणा असतो.

यावर पहिला उपाय सुचतो तो कुकरचा. कोंडलेल्या वाफेमुळे कुकरमधील उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंत चढते आणि तासांचे काम मिनिटांवर येते. घाईच्या दिवशी या साधनाचे उपकार नाकारता येणार नाहीत. परंतु इतक्या उष्णतेने मांसाचे तंतू आवळून आपल्यातील रस बाहेर टाकतात. फोड सुटी होते, पण पुष्कळदा कोरडीही होते. दुसरा उपाय कच्च्या पपईचा. पपईच्या चिकात मांसातील प्रथिने तोडणारे द्रव्य असते. त्याचे प्रमाण थोडे जरी चुकले, तरी फोडीची वरची बाजू लगदा होते आणि आतला भाग तसाच राहतो.

म्हैसूर हे अन्नाच्या अभ्यासाचे शहर आहे. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था येथील चेलुवांबा महालात १९५० पासून काम करीत आहे. अशा शहरात मटणाच्या पातेल्याचे थोडे शास्त्र पाहिले, तर ते अस्थानी ठरू नये.

मांसाच्या तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे एक चिवट द्रव्य असते. त्याला कोलॅजेन म्हणतात. जनावर जितके अधिक हिंडलेले व जितके वयस्क, तितके हे बंध पक्के. मान, खांदा आणि नळी हे सतत राबणारे अवयव असल्यामुळे त्यांत या द्रव्याचे प्रमाण मोठे असते. म्हणूनच हे भाग कठीण मानले जातात. परंतु कोलॅजेनला सुमारे ७० अंशांच्या वर ओलसर उष्णता पुष्कळ वेळ मिळाली, की ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. हे जिलेटिन तंतूंभोवती पसरते आणि फोडीला मऊपणा व रश्श्याला दाटपणा देते. रात्रीचा उरलेला रस्सा थंडीत खिरीसारखा गोठतो, तो याच कारणाने. सारांश, जो भाग सर्वांत कठीण, तोच मंद आचेवर सर्वांत मऊ होतो. मऊ म्हणून निवडलेला भाग मात्र तितक्याच वेळात कोरडा पडतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसलेल्या म्हैसुरात पाणी १०० अंशांपूर्वीच, साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास, उकळते. मुंबईहून येथे आलेल्या गृहिणीला डाळ शिजावयास थोडा अधिक वेळ लागल्याचा अनुभव येतो. मटणाच्या पातेल्याला मात्र त्याची अडचण नाही. त्याला खळखळती उकळी नकोच असते. पृष्ठभागावर मधूनमधून एखादा बुडबुडा यावा, इतकीच आच त्याला पुरते.

मांसाच्या निवडीतही हा प्रदेश भाग्यवान आहे. महाराष्ट्रात मटण म्हटले की बहुधा बोकडाचे मांस समजले जाते. म्हैसूरकडे मेंढीच्या मांसालाही तेवढाच मान आहे. शेजारच्या मंड्या जिल्ह्यात, मळवळ्ळी तालुक्यात, बंडूर नावाचे गाव आहे. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी आखूड पायांची व भरदार बांध्याची मेंढी मांसासाठी नावाजलेली आहे. आपल्या सूनबाईंनी एक किलो मटण आणले, ते खांद्याचे आणि नळीचे, हाडासकट. आणि फोडीही नेहमीपेक्षा मोठ्या करून घेतल्या. दीर्घकाळ शिजताना लहान फोडी मोडून जातात.

सकाळीच फोडींना मीठ, हळद आणि आले, लसूण, कोथिंबिरीचे वाटण चोळून त्या शीतकपाटात ठेवल्या. दुपारी साडेचारला जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून फोडी थोड्या थोड्या परतल्या. एकदम सर्व टाकल्या, तर पाणी सुटते आणि मांस भाजले न जाता नुसते वाफवते. तांबूस रंग व खमंगपणा येतो तो कोरड्या, कडक उष्णतेनेच. नंतर त्याच तेलात चार कांदे सावकाश परतले. भाजलेले सुके खोबरे, खसखस, धने, मिरी, लवंग व दालचिनी यांचे वाटण घातले. तिखटासाठी ब्याडगी मिरची घेतली. तिचा रंग गडद असतो आणि जाळ सौम्य, म्हणून वृद्धाच्या पोटाला ती सोसते. फोडी अर्ध्या बुडतील एवढेच गरम पाणी ओतले.

यापुढे सूनबाईंनी सासरच्या गावी पाहिलेली रीत पाळली. पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी भरले. ही रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे, आणि तिचा हेतू दुहेरी आहे. झाकण वरून थंड राहिल्यामुळे आतली वाफ त्याला लागून पुन्हा पाणी होते व थेंबाथेंबाने फोडींवर पडते. शिवाय रस्सा आटलाच, तर झाकणातील तापलेले पाणी हाताशी असते. थंड पाणी ओतून शिजण्यात खंड पाडावा लागत नाही.

सव्वापाचला आच अगदी बारीक केली. साडेसहाला धाकट्या नातवाने झाकण उघडावयाचा हट्ट धरला. फोड दाबून पाहिली, तर ती पूर्वीपेक्षाही चिवट लागली. पुष्कळ घरांत याच क्षणी धीर सुटतो आणि आच मोठी केली जाते. वास्तविक या वेळी तंतू आवळलेले असतात, पण बंध विरघळावयाचे असतात. सूनबाईंनी आच वाढविली नाही. आठ वाजता नळीचे मांस हाडापासून आपोआप सुटले. आच बंद करून पातेले अर्धा तास तसेच ठेवले. वर आलेली चरबी पळीने काढून टाकली.

साडेआठला पाने वाढली. शेजारच्या कानडी घरातून शिकलेली रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, ताटात होती. मुद्दे चावावयाची नसते. लहानसा घास मोडून, रश्श्यात बुडवून तो गिळावयाचा असतो. भाकरी सुटलेल्या आजोबांना ती जणू त्यांच्यासाठीच निर्माण झाल्यासारखी वाटली. सूनबाईंनी फोड वाढली, तेव्हा त्यांनी सवयीने हात आडवा केला.

“मामंजी, एकदा बोटाने दाबून तर पाहा.”

फोड बोटाने मोडली. त्या रात्री आजोबा सर्वांच्या शेवटी उठले, आणि उठण्यापूर्वी नातवाकडून नळी मागून घेतली.

उरलेले मटण रात्रभर चुलीवर कोमट राहू देऊ नये. पसरट भांड्यात लवकर निववून ते शीतकपाटात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळी आणूनच वाढावे. त्या दिवशी त्याची चव अधिकच मुरलेली असते.

अशा पाकाला खर्च फारसा लागत नाही. लागतो तो आठवड्यातील एक मोकळा तिसरा प्रहर. तो काढता आला, तर घरातील जे माणूस अन्नाच्या कठीणपणामुळे पंक्तीतून हळूहळू मागे सरकले असेल, त्याला पुन्हा आपल्या जागी आणून बसविता येते.