सध्या काय ऐकून राहिले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वर्ध्याकडे दोन ओळखीची माणसं रस्त्यात भेटली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय करून राहिले भाऊ?’ आमच्या सहा-सात जणांच्या टोळीत या प्रश्नाचं एक वेगळं रूप तयार झालं आहे. आम्ही विचारतो, ‘सध्या काय ऐकून राहिले?’

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी जमायचं. प्रत्येकानं एकच गोष्ट आणायची. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी किंवा आताशा मोबाइल. मात्र ती आयुष्यातली सर्वांत आवडती नको, ‘गेले पंधरा दिवस घरात जे वाजतं आहे’ ते हवं. आणि लावलं, तर एक अख्खी बाजू ऐकायची. मधेच उचलायचं नाही.

वरवर हा फरक किरकोळ वाटतो. पण ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं विचारलं, की आपण सगळे परीक्षेला बसल्यासारखे होतो. कोणी भीमसेन म्हणतो, कोणी किशोरीताई. ‘सध्या काय?’ या प्रश्नाला थाप मारणं अवघड जातं, कारण घरची माणसं साक्षीला असतात. मी पहिल्याच बैठकीत थाप मारली होती. कुमार गंधर्वांची ‘गीत वर्षा’ बगलेत मारून ऐटीत गेलो. बैठक आमच्याच गल्लीत होती. यजमान हसून म्हणाले, ‘सर, आठ दिवसांपासून तुमच्या खिडकीतून तर दादा कोंडके ऐकू येऊन राहिले!’ खरं होतं. घरी ‘पांडू हवालदार’ची कॅसेट चालू होती. मग मी तीच आणली आणि त्या निमित्तानं टोळीला सांगितलं, की १९७५च्या या चित्रपटाचे संगीतकार राम-लक्ष्मण. त्यातले लक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील. पुढे ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ यांचं संगीतही त्यांचंच. २०२१ साली ते गेले, तेही नागपुरातच. म्हणजे दादा कोंडक्यांची कॅसेट काही अगदीच टाकाऊ नव्हती!

आता वर्धा हे काही संगीताचं गाव म्हणून प्रसिद्ध नाही. बाहेरच्या माणसाला वर्धा म्हटलं की सेवाग्राम आठवतं, पवनार आठवतं. इथलं गाणं म्हणजे सकाळ-संध्याकाळची आश्रमातली प्रार्थना, विनोबांची गीताई आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी. महाराज १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला येऊन राहिले होते. (जाता जाता, खुद्द गांधीजींचीही एक रेकॉर्ड आहे. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले, तेव्हा कोलंबिया कंपनीनं त्यांचं ईश्वराविषयीचं इंग्रजी भाषण ध्वनिमुद्रित केलं.) सामूहिक म्हणण्याची सवय असलेलं हे गाव. घरात बसून एकट्यानं ऐकायचं, ही चैन आमच्यासारख्या थोड्यांची.

आमच्या टोळीत निरनिराळी माणसं आहेत. आर्वीकडचे एक शेतकरी मित्र दर वेळी गझल घेऊन येतात. भीमराव पांचाळे यांची ‘एक जखम सुगंधी’ त्यांच्याकडे कॅसेट, सीडी आणि मोबाइल अशा तिन्ही अवतारांत आहे. पांचाळे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, अष्टगावचे. त्यामुळे त्यांचं गाणं ऐकताना आमच्या मित्राच्या चेहऱ्यावर घरचं लग्न असल्याचा भाव असतो. पुलगावचे एक निवृत्त पोस्टमन वामनदादा कर्डकांची गाणी आणतात. आधी त्यांच्याकडे कॅसेटी होत्या. पावसाळ्यात फितीवर बुरशी धरायची, मग ते कापूस स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसत बसायचे, पेन्सिल घालून फीत गुंडाळायचे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले, की येताना पुस्तकं आणि गाणी दोन्ही घेऊन यायचे. आता सगळं पेन ड्राइव्हवर आहे. ते म्हणतात, ‘आवाज साफ झाला, पण पेन्सिलीचं काम गेलं.’

अलीकडे वैद्यकीय शाखेत शिकणारी एक मुलगी येऊ लागली आहे. तिला विचारलं, ‘सध्या काय ऐकून राहिली?’ तर म्हणाली, ‘ठरलेलं काही नाही काका. लागते ते ऐकते.’ एक गाणं संपलं, की मोबाइलच पुढचं शोधून लावतो. यावर आमच्यातले दोघे लगेच प्रवचनाच्या पवित्र्यात गेले. पण पुढच्या वेळी ती ‘सैराट’ घेऊन आली. गाणी बाजूला ठेवून तिनं आम्हाला त्यांच्या मागची व्हायोलिनं ऐकायला लावली. अजय-अतुल यांनी २०१६च्या या चित्रपटासाठी तो वाद्यवृंद हॉलीवूडमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केला होता. आम्ही ती गाणी लग्नाच्या बँडवर शंभरदा ऐकली होती. त्यातली व्हायोलिनं मात्र पहिल्यांदाच ऐकली. प्रवचन राहून गेलं.

पण मला आज सांगायचं आहे ते वेगळंच. आमच्या टोळीचे मूळपुरुष बँकेतून निवृत्त झालेले एक स्नेही होते. रामनगरात घर. त्यांच्याकडे चारशेच्या आसपास रेकॉर्ड होत्या. काही नागपूरला सीताबर्डीवर घेतलेल्या, काही मुंबईच्या चोरबाजारातून आणलेल्या. त्यांची शिस्त मोठी कडक. रेकॉर्ड नेहमी उभी ठेवायची, एकीवर एक रचायची नाही. उन्हाचा कवडसा त्यांच्यावर पडता कामा नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि अशा उन्हात तबकडी पापडासारखी वाकते. घरोघरी कूलर चालतात. पण कूलरची ओल कव्हरांना लागते, म्हणून त्या खोलीत कूलर नाही. घरातली सर्वांत मोठी खोली तीच. म्हणजे रेकॉर्ड सावलीत आणि माणसं घामात! प्लेअरला हात लावायची परवानगी मुलाला नव्हती, आम्हाला नव्हती, कोणालाच नव्हती. बहुतेक बैठका तिथेच व्हायच्या. वहिनी तर्री-पोहे आणि चहा आणून द्यायच्या आणि आत जायच्या.

२०१९ साली ते गेले. चौदावी झाल्यावर पुण्याला नोकरी करणारा मुलगा आम्हाला म्हणाला, ‘काका, याचं काय करायचं ते तुम्हीच बघा. नागपूरचे एक जण सगळ्या रेकॉर्ड एकगठ्ठा घ्यायला तयार आहेत.’ मुलगा चांगला आहे. आईला पुण्याला न्यावं, घर भाड्यानं द्यावं, असं त्याच्या मनात होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं.

आम्ही तिघे जण तज्ज्ञांच्या थाटात वर्गवारी करायला बसलो. फैयाज खाँ साहेबांची एक रेकॉर्ड काही केल्या सापडेना. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘ती तिसऱ्या खणात आहे, डावीकडून चौथी. अमीर खाँच्या कव्हरात. तिचं कव्हर फाटलं नं.’ पाहिलं, तर तिथेच होती.

‘तुम्हाला कसं माहीत वहिनी?’

‘दर दिवाळीला मीच तर पुसते सारे कव्हर.’

मग वसंतराव देशपांड्यांची एक निघाली. आम्ही आपले, वसंतराव मूर्तिजापूरचे, वाढले नागपूरला, वगैरे गप्पांत शिरलो. वहिनी म्हणाल्या, ‘या बाजूला शेवटी खर्र वाजते, पण गाणं तोवर संपलेलं असते.’ अशा त्या चाळीसेक रेकॉर्डविषयी बोलल्या असतील. रागाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. कुठे ओरखडा आहे, कुठे तबलजी सुटतो, कुठे टाळ्या ऐकू येतात, हे मात्र त्यांना सगळं पाठ.

शेवटी आमच्या पोस्टमन मित्रानं विचारलं, ‘वहिनी, तुम्ही काय ऐकून राहिल्या सध्या?’

श्रोतेहो, बारा वर्षं आम्ही त्या घरात हा प्रश्न एकमेकांना विचारत होतो. तो स्वयंपाकघराच्या दारापलीकडे कधी गेला नव्हता. वहिनींनी आधी मुलाकडे पाहिलं, मग म्हणाल्या, ‘मला लावता येत नाही नं.’ आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं, दुखावल्या. पण त्या शिवणयंत्राच्या खणातून जुन्या साडीत गुंडाळलेली एक तबकडी घेऊन आल्या. ७८ फेऱ्यांची, जड. त्यांच्या आईची. आईकडे चावी भरायचा ग्रामोफोन होता, तो पुढे मोडीत गेला आणि तबकडी लग्नात यांच्यासोबत आली. वर नाव होतं, मालती पांडे.

‘लपविलास तू हिरवा चाफा’ गाणाऱ्या मालती पांडे. वहिनी म्हणाल्या, ‘या आपल्या वर्ध्याच्या, माहीत आहे नं?’ आम्हाला माहीत नव्हतं. मालतीबाईंचा जन्म १९३०चा, वर्ध्यातला. दुनियाभरच्या घराण्यांचा हिशेब ठेवणारे आम्ही, आणि ही गावातली गायिका आमच्या वहीत नव्हती.

‘मग इतकी वर्षं ऐकली का नाही?’

‘यांच्या मशिनवर लागत नाही.’

हे अगदी खरं होतं. आमच्या मित्राचा प्लेअर उंची होता, पण त्याला ३३ आणि ४५ असे दोनच वेग. ७८ची सोय नाही. शिवाय त्या जुन्या तबकड्यांच्या चरी रुंद असतात, त्यांना सुईही जाड लागते. एलपीची बारीक सुई त्यांत नीट बसत नाही. त्या तबकड्या लाखेपासून केलेल्या. आपल्याकडच्या पळसावरही किडे धरतात ती ही लाख. हातातून पडली, की काचेसारखी फुटते. म्हणजे चारशे रेकॉर्डच्या घरात वहिनींची एकुलती एक रेकॉर्ड पस्तीस वर्षं मुकी होती. आमचा मित्र वाईट माणूस नव्हता. तिच्यासाठी वेगळं मशिन आणावं, हे त्याला सुचलं नसेल. आणि आम्हाला तरी कुठे सुचलं?

आर्वीच्या मित्राकडे त्यांच्या वडिलांचा जुना पेटीवजा प्लेअर होता. चार वेगांचा, सुई उलटवून वापरायचा. दुसऱ्या दिवशी ते तो एसटीनं मांडीवर घेऊन आले. पट्टा सैल झाला होता, तो बदलेपर्यंत आठवडा गेला. मग एका संध्याकाळी ती तबकडी लागली. जेमतेम साडेतीन मिनिटांची एक बाजू. भाजी परतताना येतो तसा चरचराट आणि त्यातून तो स्वच्छ, कोवळा आवाज. मुलगा दारात उभा होता. त्यानंही आईची ही रेकॉर्ड कधी पाहिलेली नव्हती. बाजू संपल्यावर वहिनींनी स्वतःच पुढे होऊन तबकडी उलटली.

नागपूरच्या गिऱ्हाइकाला नंतर नाही म्हणून कळवलं. वहिनी पुण्याला गेल्या नाहीत, निदान अजून तरी. सुई ठेवायला त्या साठीनंतर शिकल्या. पहिल्याच आठवड्यात एका रेकॉर्डवर लांब ओरखडा उठला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, असं शेजारून कळलं. आता एका शाळेच्या वहीत नोंद करून त्या आम्हाला महिन्याला एक रेकॉर्ड घरी नेऊ देतात. परत आली, की उजेडात तिरपी धरून तपासतात. नवऱ्याहून कडक आहेत. त्या खोलीत कूलर मात्र बसवला आहे. रेकॉर्डचं कपाट आतल्या खोलीत हलवलं.

गेल्या महिन्यात बैठक त्यांच्याकडेच होती. पोहे त्या मेडिकलच्या मुलीनं आणि मी मिळून केले, तर्री जरा जास्तच झाली. वहिनींची पाळी आली. त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, १९६७ची. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात आहे. पहिल्या बाजूला अहीर भैरवपासून सुरुवात, दुसऱ्या बाजूला शेवट पहाडीनं. आम्ही म्हटलं, ‘वहिनी, ही तर या घरात पन्नासदा वाजली असेल!’

‘दुसरी बाजू मला पाठ आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पहिलीच्या वेळी मी पोहे फोडणीला घालत असे. चुरचुरीत काही ऐकू येत नव्हतं. म्हणून सध्या पहिली ऐकून राहिली.’

आणि त्यांनी सुई ठेवली.