श्रेष्ठ अल्बम कोणता?

एकाच बँडवर प्रेम करणारीं दोन माणसें भेटलीं, कीं तीं त्याची स्तुति करीत बसतील असा आपला समज असतो. प्रत्यक्षांत तीं भांडूं लागतात. त्या बँडच्या अल्बमांपैकीं पहिल्या क्रमांकाचा कोणता, दुसरा कोणता आणि अगदीं तळाचा कोणता, ह्यावरून हें भांडण जुंपतें. हेवी मेटल ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताच्या चाहत्यांत तर ह्या वादाला नित्यकर्माचें स्वरूप आलें आहे. ज्यांना तें संगीत म्हणजे केवळ गोंगाट वाटतो, त्यांना ही क्रमवारी निव्वळ पोरखेळ वाटेल. परंतु ह्या वादांत एक विचार करण्याजोगा प्रश्न दडलेला आहे, आणि तोच आज आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. उदाहरण घेतों तें ब्लॅक सॅबथ ह्या इंग्रजी बँडचें. कारण ह्या संगीताचा उगम बहुतेक जाणकार तेथेंच मानतात.

बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथल्या ॲस्टन भागांत वाढलेल्या चार तरुणांनीं हा बँड उभा केला. गायक ऑझी ऑस्बोर्न, गिटारवादक टोनी आयोमी, बेस गिटार वाजविणारा व बहुतेक गीतें लिहिणारा गीझर बटलर, आणि ड्रमवादक बिल वॉर्ड. आयोमी सतरा वर्षांचा असतांना पत्र्याच्या कारखान्यांतील यंत्रांत त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यानें प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणें केलीं, त्यांवर चामडें चढविलें, हलक्या तारा लावल्या, आणि पुढें त्या सैल करून वाद्याचा स्वरच खालीं उतरविला. ब्लॅक सॅबथच्या जड, खर्जांत घुमणाऱ्या आवाजांत ह्या अपघाताचा मोठा वांटा आहे.

त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाला. त्याचें ध्वनिमुद्रण जवळजवळ एका दिवसांत उरकलें होतें. समीक्षकांनीं त्याची निर्भर्त्सना केली. श्रोत्यांनीं तो उचलून धरला. त्याच वर्षीं आलेला ‘पॅरानॉइड’ इंग्लंडांतील विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेंतील ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकानें १९७० सालीं पहिल्या अल्बमाची हेटाळणी केली होती. त्याच नियतकालिकानें २०१७ सालीं मेटल संगीतांतील शंभर श्रेष्ठ अल्बमांची यादी केली, तेव्हां अग्रस्थान ‘पॅरानॉइड’ला दिलें. हा पालट घडविण्यांत, मधल्या सत्तेचाळीस वर्षांत तीं गाणीं पुन:पुन्हा ऐकून त्यांवर हुज्जत घालणाऱ्या सामान्य रसिकांचा भाग लहान नाहीं.

१९७० ते १९७५ ह्या काळांतील सहा अल्बम बहुतेक जण वरच्या स्थानीं ठेवतात. वाद असतो तो त्या सहांच्या आपसांतील क्रमाचा. ‘पॅरानॉइड’चा पक्ष म्हणतो, अल्बमाचा कस त्यांतील गाण्यांवरून ठरवावा, ‘वॉर पिग्ज’ आणि ‘आयर्न मॅन’ हीं एकाच अल्बमांत दुसरीकडे कोठें सांपडणार? १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’चा पक्ष म्हणतो, तारा दीड स्वर खालीं उतरविल्या त्या येथें; पुढें मंद लयीच्या मेटलची जी शाखा निघाली तिचें मूळ ह्यांतच आहे. तिसरा पक्ष १९७५ च्या ‘सॅबोटाज’चा. जुन्या व्यवस्थापकाशीं कोर्टकज्जे चालू असतांना तो तयार झाला, आणि त्यांतील संताप कोठेंही उसना वाटत नाहीं, असें हा पक्ष सांगतो. तिघेही त्याच ध्वनिमुद्रिका ऐकतात. परंतु एक रचना मोजतो, दुसरा परंपरेवरील परिणाम मोजतो, तिसरा भावनेचा खरेपणा मोजतो. क्रम वेगळे येतात, कारण मापें वेगळीं आहेत.

वाद खरा पेटतो तो ह्यानंतर. १९७९ सालीं ऑस्बोर्नला बँडमधून काढण्यांत आलें आणि रॉनी जेम्स डिओ हा गायक आला. १९८० चा ‘हेवन अँड हेल’ हा त्यांचा पहिला एकत्र अल्बम. ऑस्बोर्नचा गळा पुष्कळदां गिटारच्या चालीमागून जाई; डिओ त्या चालीवर आपली स्वतंत्र सुरावट उभी करी. बटलरच्या गीतांतील युद्ध आणि मनोविकार जाऊन तेथें डिओची अद्भुतरम्य सृष्टि आली. अल्बम उत्तम, ह्याविषयीं फारसा मतभेद नाहीं. पण तो ब्लॅक सॅबथचा म्हणावा काय? बँड म्हणजे गायकाचा कंठ, कीं गिटारचा नाद, कीं तीं मूळचीं चार माणसें? २००६ सालीं ही मंडळी डिओसह पुन्हा जमलीं, तेव्हां त्यांनीं जुनें नांव बाजूस ठेवून ‘हेवन अँड हेल’ हेंच नांव घेतलें. तेव्हां हा प्रश्न केवळ चाहत्यांच्या डोक्यांतला होता असें म्हणतां येत नाहीं.

ह्या क्रमवारीची झळही कोणाला तरी लागते. १९८७ ते १९९५ ह्या काळांत टोनी मार्टिन हा गायक पांच अल्बमांवर गायिला. पुष्कळ याद्यांत ते तळाला टाकलेले दिसतात, आणि टाकणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं ते ऐकलेलेही नसतात. त्यांतले बरेचसे पुढें कित्येक वर्षें बाजारांत मिळेनासे झाले. न मिळाल्यानें कोणी ऐकेना, आणि न ऐकल्यानें त्यांचें स्थान वर सरकेना! थोड्या रसिकांनीं मात्र १९८९ च्या ‘हेडलेस क्रॉस’ची बाजू चिकाटीनें लढविली. अखेर २०२४ सालीं त्यांतील चार अल्बमांचा संच नव्यानें निघाला. आणि ज्याला नेहमीं शेवटचें स्थान मिळे त्या ‘फॉरबिडन’चें ध्वनिमिश्रण आयोमीनें स्वतः पुन्हा केलें. आपल्या कामाचा शेवटचा क्रमांक त्याच्या कर्त्यानेंही निमूटपणें मान्य केला नव्हता, हें त्यावरून दिसतें.

५ जुलै २०२५ रोजीं मूळचे चौघे ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र वाजले. ऑस्बोर्न सिंहासनासारख्या आसनावर बसून गायिला, आणि २२ जुलै रोजीं त्याचें देहावसान झालें. २०१३ चा ‘१३’ धरून एकोणीस अल्बमांची ती मालिका आतां पुरी झाली. वाद मात्र पुरा होणार नाहीं, आणि तो होऊंही नये. श्रेष्ठ कोणता हें एकदां कायमचें ठरलें, तर बाकीचे अठरा ऐकण्याचें कारणच उरणार नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या घरांतील एखादा तरुण अशी यादी करीत बसलेला दिसला, तर त्याला हंसूं नका. त्याला दोनच गोष्टी विचारा: तूं कोणत्या मापानें मोजलेंस, आणि तळाशीं ठेवलेला अल्बम शेवटचा केव्हां ऐकलास? पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्याला विचार करावयास लावील. दुसऱ्याचें उत्तर देण्यासाठीं बहुधा त्याला तो अल्बम पुन्हा लावावा लागेल.