अधीक्षकांचा काटा आणि अधीक्षकांचं तोंड
(आश्रमशाळेच्या पालक सभेतलं भाषण)



नवे अधीक्षक फटकळ आहेत, हे सगळ्या पाड्यांना ठाऊक झालंय. आल्या आल्या त्यांनी कोठीत वजनकाटा लावला, ठेकेदाराला सगळ्यांदेखत झापलं. पोरांच्या ताटातली डाळ घट्ट झाली, हे आपण मानतो.

पण परवा आयांना म्हणाले, "जमिनीच्या मोर्चाला गेलात तर पोरांची नावं काढीन." हे कसं चालेल? जमीन आपण कसतो, पोरंही आपलीच. 1996 च्या पेसा कायद्यात शाळा-दवाखान्याच्या नोकरांवर ग्रामसभेचं आणि पंचायतीचं नियंत्रण लिहिलंय. सोमवारी त्यांना ग्रामसभेत बोलावू. काटा राहू द्या, तो शब्द मागे घ्या, एवढंच सांगायचं. आणि कोणी पिऊन येऊ नका, नाहीतर ते तेच धरून बसतील.