मोहिमेची आखणी परतीपासून



दिवाळी सरते, हवेत गारवा येतो आणि घराघरांत गडभ्रमंतीचे बेत ठरू लागतात. राजगड ते तोरणा ही डोंगरधारेची वाट अशा बेतांत अग्रभागी असते. एक शिवरायांची राजधानी राहिलेला गड, तर दुसरा स्वराज्याचे तोरण. एकाच दिवसात दोहोंचे दर्शन घडावे, हा मोह स्वाभाविक आहे. परंतु उत्साहाला आखणीची जोड नसेल, तर दर्शन बाजूला राहते आणि काळोखात चाचपडणे नशिबी येते.

या वाटेची पहिली अडचण वाहनाची. चढाई गुंजवण्यातून होते, उतरणे वेल्ह्यात. गुंजवण्यात गाडी लावून निघालेले कुटुंब सायंकाळी थकून वेल्ह्यात उतरते, तेव्हा गाडी मागेच राहिलेली असते. म्हणून चालकासह भाड्याची गाडी करणे सोयीचे. सर्वांना गुंजवण्यात सोडून तिने मार्गासनीमार्गे वेल्ह्यात येऊन थांबावे. डोंगरावर भ्रमणध्वनीचा भरवसा नसतो. भेटीची जागा आणि वेळ आधीच ठरलेली बरी. एस.टी.ने परतायचे असेल, तर शेवटच्या गाडीची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

वेळेचे गणितही शेवटापासून मांडावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तोरणा उतरण्यास दोन तास धरले, तर बिनी दरवाजा चारला सोडलाच पाहिजे. राजगडाची चढण अडीच तासांची. संजीवनी माचीकडून निघून, धारेने बुधला माची गाठून पुढे जाण्यास सहा-सात तास लागतात. न्याहारी आणि विसावा मिळवला, की पहाटे पाचला गुंजवणे सोडणे क्रमप्राप्त ठरते. साहजिकच आदल्या रात्रीचा मुक्काम पायथ्याच्या गावातच हवा.

साहित्यही या गणितातूनच ठरते. पहाटे निघायचे, म्हणून प्रत्येकी एक विजेरी; तीच उशीर झाल्यास सायंकाळी उपयोगी पडते. धारेवर पाण्याची शाश्वती नाही, म्हणून प्रत्येकाकडे किमान तीन लिटर पाणी. निसरड्या घसाऱ्यासाठी खाचदार तळाचे, पायात रुळलेले बूट. नवे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत. टोपी, शिट्टी, मीठ-साखर, प्रथमोपचाराची पेटी आणि चमूत एक दोर. बाकीचे ओझे घरी ठेवलेलेच बरे.

चमूचा वेग सर्वांत मंद चालणाऱ्यावरून ठरवावा आणि प्रमुखाने शेवटी चालावे. दोन गडांमधील खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तेथे पोहोचण्यास दुपारचे बारा वाजून गेले असतील, तर तोरण्याचा हट्ट सोडून रस्त्याने खाली उतरावे. तरुणांना ते अपमानास्पद वाटेल. पण गड उद्याही तेथेच असणार आहे. सोबतचे आजोबा आणि लेकरे सुखरूप घरी परतणे, हेच प्रमुखाचे पहिले कर्तव्य होय.