मांडीवरचा प्रवासी

माझी सगळी नोकरी विमानाच्या केबिनमध्ये झाली आणि आता तेच काम मी नव्या मुलामुलींना शिकवते. राहते नेरुळला. आमच्या वाशी-नेरुळ-खारघर-पनवेल पट्ट्यात कुणाची लेक न्यू जर्सीला, कुणाचा मुलगा-सून लंडनला, कुणाचं बिऱ्हाड मेलबर्नला. त्यामुळे मंडईत म्हणा, लग्नाच्या पंगतीत म्हणा, मला गाठून एकच प्रश्न विचारला जातो. "अहो ताई, लेक एकटीच येतेय. बाळ पावणेदोन वर्षांचं. तिला सीट कुठली घ्यायला सांगू? खिडकीची, की पुढची पाळण्याची?"

मी विचारते, "सीट किती घेतल्यात?"

"एकच की! बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आतलीच तारीख काढलीय मुद्दाम. तिकीट वाचतं ना!"

कुठली सीट ते मी सांगणार आहे, त्यासाठीच मला बोलावलंय. पण आधी किती सीट, हे ठरू द्या.

नियम काय आहे ते बघू. दोन वर्षं पूर्ण न झालेलं मूल आईबापाच्या मांडीवर नेता येतं. त्याला स्वतःची जागा नसते. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं तिकीट साधारणपणे मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहा टक्के पडतं. दोन वर्षं पूर्ण झाली की वेगळी सीट घ्यावीच लागते आणि मग भाडं पाऊणपट, कधी जवळजवळ पूर्ण. वय मोजायचं ते प्रवासाच्या दिवशीचं, तिकीट काढल्या दिवशीचं नव्हे. येताना तेवीस महिन्यांचं असलेलं बाळ परत जाताना पंचवीस महिन्यांचं झालं, तर परतीला सीट घेणं भागच आहे. हे पुष्कळांना विमानतळाच्या काउंटरवर कळतं, आणि त्या दिवशीच्या भावाने सीट घ्यावी लागते.

पैशाचा मुद्दा झाला. आता मांडीचा.

मुंबई ते लंडन नऊ-दहा तास. मुंबई ते न्यूयॉर्क थेट गेलात तर पंधरा-सोळा तास. पावणेदोन वर्षांचं मूल दहा-बारा किलोचं असतं. ते धावतं, चढतं, समोरच्याच्या खुर्चीला लाथा मारतं. ते मांडीवर असताना समोरचा ट्रे धड उघडत नाही. जेवण येतं, आईच्या हातात बाळ, मग डबा ठेवणार कुठे? जेवण तसंच परत जातं. बाळ झोपलं तरी ती झोपू शकत नाही, कारण डोळा लागला आणि हात सैल पडला तर? नवरा बरोबर असेल तर निदान आळीपाळीने घेता येतं. एकटीला आळी कुठली आणि पाळी कुठली! अशा आया मी उतरताना पाहिल्यात. दंडात गोळे आलेले, पोटात अन्न नाही, आणि पुढे इमिग्रेशनची रांग. म्हणून म्हणते, मुलाला स्वतःची सीट घ्या.

तेवढ्यात एखाद्या काकू म्हणतात, "आम्ही नाही का एसटीने मुलं मांडीवर नेली?" नेलीत, काकू. घाटातून नेलीत. पण एसटी खाली पडत नाही हो. विमान कधीकधी पडतं, काही सेकंदांसाठी, आणि कुणालाही न सांगता.

२१ मे २०२४ ला सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून सिंगापूरला निघालेलं बोईंग ७७७ म्यानमारवर असताना जबर हेलकाव्यांत सापडलं. ते बँकॉकला उतरवावं लागलं, एक प्रवासी दगावला, कित्येक जखमी झाले. चौकशीत विमानातल्या नोंदींवरून असं दिसलं की ०.६ सेकंदात प्रवाशांचं वजन जणू उलटं झालं. शरीरं खाली दाबली जाण्याऐवजी स्वतःच्या दीडपट वजनाने छताकडे खेचली गेली. ज्यांचे पट्टे लावलेले नव्हते ते उडाले. आता हिशोब करा. बारा किलोचं बाळ अठरा किलोच्या जोराने वर जाणार, आणि तुमच्या हाताला घट्ट धरायला अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ. तोही तुम्ही जाग्या असाल तर! "मी घट्ट धरीन" असं प्रत्येक आई म्हणते. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही. तिच्या मनगटाबद्दल आहे.

आमच्या व्यवसायात एक नाव सगळ्यांना माहीत असतं, जॅन ब्राउन. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत आयोवामधल्या सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. जॅन ब्राउन त्यावर मुख्य हवाई परिचारिका होत्या. मांडीवरची चार मुलं विमानात होती. त्यांच्यासाठी सूचना एकच होती, बाळाला जमिनीवर आईच्या पायांशी ठेवा आणि धरून ठेवा. ब्राउनबाईंनी आयांना तसं सांगितलं, कारण सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. आदळल्यावर काही मुलं हातांतून निसटली. चारांतलं एक बाळ वाचलं नाही. त्या बाई स्वतः वाचल्या आणि पुढे वर्षानुवर्षं एकच मागणी करत राहिल्या, प्रत्येक मुलाला सीट आणि पट्टा हवा.

मग सरकार सक्ती का करत नाही? अमेरिकेत यावर बराच खल झाला. २००५ साली तिथल्या विमान खात्याने सक्ती नको असं ठरवलं. कारण असं दिलं की तिकीट महागलं तर कुटुंबं मोटारीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं दगावतील. त्यांच्यापुरता तो युक्तिवाद ठीक. पण मुंबईहून न्यूयॉर्कला मोटारीने कोण जाणार आहे? आपल्याला तो लागू नाही. आणि सक्ती न करणारं तेच खातं पालकांना आवर्जून सांगतं की बाळाला स्वतंत्र सीटवर, त्याच्यासाठीच्या पट्ट्यात बसवा.

आपल्याकडे मांडीवरच्या बाळासाठी छोटा पट्टा देतात. तो आईच्या पट्ट्यात अडकवायचा. त्याने बाळ उडत नाही हे खरं. पण पुढच्या बाजूला जोराचा धक्का बसला तर आईचं अख्खं अंग बाळावर दुमडतं. अमेरिकन कंपन्या तर तो देतच नाहीत.

एवढं सांगून ज्यांना पटत नाही त्यांना मी शेवटचा बाण मारते. सीट घेतली की बाळाला मोठ्यांएवढं सामान मिळतं. मांडीवरच्याला नाममात्र. अमेरिकेच्या मार्गावर हा फरक एका अख्ख्या बॅगेचा असू शकतो. "अगंबाई, म्हणजे मेतकूट, भाजणी, लोणचं सगळं नेता येईल?" येईल काकू, येईल! जीव वाचेल म्हटलं तर कुणी ऐकत नाही. लोणचं वाचेल म्हटलं की लगेच तिकीट निघतं.

एक बारकावा लक्षात ठेवा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला नुसती सीट घेतली आणि विमानातल्या मोठ्यांच्या पट्ट्यात बसवलं, असं सगळ्या कंपन्यांना चालत नाही. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी ते मांडीवर घ्या किंवा त्याच्या कारसीटमध्ये बसवा, असं सांगतात. अमेरिकेतल्या पुष्कळ कारसीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ती मोटारीसाठी आणि विमानासाठी, दोन्हींसाठी प्रमाणित आहे. ती ओळ शोधा आणि सीटची रुंदी मोजून ठेवा. इकॉनॉमीची खुर्ची सतरा-अठरा इंचांचीच असते. कारसीट नको असेल तर केअर्स नावाचा खांद्यावरून जाणारा पट्टा मिळतो. तो वर्षावरच्या, दहा ते वीस किलोंच्या मुलांसाठी आहे. मात्र तुमची कंपनी तो चालवून घेते का, हे फोन करून विचारा.

आता, कुठली सीट?

पाळण्याच्या सीटचा मोह आधी सोडा. सगळ्यांत पुढे भिंतीपाशी बाळाचा पाळणा अडकवतात, त्याची वजनमर्यादा कंपनीप्रमाणे साधारण दहा ते चौदा किलो, शिवाय लांबीचीही मर्यादा. चार-सहा महिन्यांच्या बाळाला तो वरदान आहे. पावणेदोन वर्षांच्या मुलाला नाही. पाय बाहेर येतात, ते उठून उभं राहतं. पट्ट्याची खूण लागली की झोपलेल्या बाळाला उचलावं लागतं, आणि रात्रीत ती खूण अनेकदा लागते. त्या रांगेत हातांचे दांडे वर होत नाहीत, कारण ट्रे त्यांच्यातच असतो. म्हणजे बाळाला आडवं करता येत नाही. समोर खुर्ची नसल्यामुळे उड्डाणाच्या वेळी डायपरची पिशवीसुद्धा वरच्या कप्प्यात ठेवावी लागते. आणि बरोब्बर तेव्हाच ती लागते!

म्हणून साधी रांग घ्या. तिथे दांडा वर करता येतो, ट्रे समोर असतो, पिशवी पायाशी असते.

रांगेत कुठे बसायचं हे विमानावर ठरतं, आणि विमान कुठलं ते बुकिंगच्या वेळी लिहिलेलं असतं. एअरबस ए३३० असेल तर नशीबवान आहात, त्यात दोन-चार-दोन अशी मांडणी असते. बाजूच्या दोन घ्या, खिडकी बाळाला, कडेची तुम्हाला. तिसऱ्या माणसाचा प्रश्नच नाही. बोईंग ७८७ आणि ए३५० मध्ये बहुतेक कंपन्यांकडे तीन-तीन-तीन असतात. तिथे खिडकी आणि मधली घेतलीत, तर कडेला परका माणूस येतो आणि दर तासाला त्याला उठवावं लागतं. झोपलेल्या माणसावरून बाळ कडेवर घेऊन जाणं किती अवघड, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. तिथे मधल्या तिघांतली कडेची तुमची, मधली बाळाची. पलीकडच्या प्रवाशाला त्याच्या बाजूने बाहेर जाता येतं, त्याला तुमची गरज नाही आणि तुम्हाला त्याची. बोईंग ७७७ च्या तीन-चार-तीनमध्येही असंच, मधल्या चारांतली कडेची आणि तिच्या शेजारची. विमान भरलेलं नसेल तर त्या चारांतल्या मधल्या जागा शेवटी भरतात. बाळाच्या पलीकडची रिकामी राहिली तर त्याला चक्क आडवं होता येतं. कारसीट आणणार असाल तर मात्र बहुतेक कंपन्या ती खिडकीशीच लावू देतात, तेव्हा खिडकी घ्या.

कडेच्या सीटवर बाळाला कधीही बसवू नका. ट्रॉली जड असते, ढकलणाऱ्याला खालचा छोटा हात दिसत नाही. आणि वरून गरम चहा-कॉफी जाते.

बाकीचं भराभर सांगते. आपत्कालीन दाराशेजारची रांग मुलांसह मिळत नाही, हट्ट करू नका. शेवटची रांग नको, खुर्ची पुष्कळदा मागे जात नाही आणि स्वच्छतागृहाची रांग डोक्यावर उभी असते. पंखांजवळ हेलकावे कमी जाणवतात. डायपर बदलायची फळी प्रत्येक स्वच्छतागृहात नसते, चढतानाच विचारून ठेवा. पट्टा बाळाच्या पांघरुणावरून लावा, म्हणजे तो बघायला कुणी झोपमोड करणार नाही. एकट्या पालकाने दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र जवळ ठेवावं. आणि हो, ८ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या दाराशी नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तेव्हा तिकिटावर बीओएम, म्हणजे सहार, लिहिलंय की एनएमआय, म्हणजे उलवे, ते वाचा. नेरुळहून सहारला पोचायचं आणि उलव्याला पोचायचं, यात फार फरक आहे.

आई आणि बाळ एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, हवेत. आईचं तिकीट कंपनीने काढलं, बाळाचं आजोबांनी वेगळं, असं करू नका. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना सांगितलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी बसवायचं. पीएनआर वेगळा असला तर हा आधार गेला. "विमानात कुणीतरी बदलून देईल" या भरवशावर तर मुळीच राहू नका. पैसे भरून निवडलेली सीट सोडायला कुणी बांधील नाही, आणि त्या गर्दीत आम्हा केबिनवाल्यांना वाटाघाटी करायला वेळ नसतो.

आणि झोपेसाठी खोकल्याचं औषध? ते कुणी सुचवलं तर माझ्यासमोर सुचवू नका. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट बिथरतात, आणि श्वासाला त्रास झाला तर तेहतीस हजार फुटांवर बालरोगतज्ज्ञ कुठून आणणार? नाही म्हणजे नाही.

हे भाषण ऐकताय ते बहुतेक आजी-आजोबा, हे मला ठाऊक आहे. लेकी तिकडे कामात असतील. म्हणून आता थेट तुमच्याशीच बोलते. "दोन वर्षं व्हायच्या आत ये, तिकीट वाचेल" हे वाक्य बहुतेक घरांत तुमच्याच तोंडून निघतं. नातवंडाला लवकर पाहायचंय, मला कळतं. जरूर बोलवा, दोन वर्षांच्या आतच बोलवा. पण बोलावताना सीटही घ्या. बारशाला साखळी केलीत, पहिल्या वाढदिवसाला वाळे केलेत, आता विमानाची एक खुर्ची करा. लेक नको म्हणेल, "उगीच खर्च" म्हणेल. तिचं ऐकू नका. आजच फोन लावा. तिकडे आत्ता किती वाजलेत ते बघून लावा मात्र, बाळ जेमतेम झोपलेलं असेल.