बाणाचे पाते आणि फासकीची तार



भात पोटरीला आले की सिंधुदुर्गात गावोगाव एकच विषय निघतो. काल रात्री डुकरे कुणाच्या शेतात शिरली? एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत आडवी होते. मग कुणी राखणीला जागतो, कुणी शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक पुसून ठेवतो आणि कुणी गुपचूप बांधावर तारेची फासकी लावतो.

आज मी बोलणार आहे ते मात्र बाणाबद्दल. आपल्याकडे हौसेखातर शिकार करता येत नाही आणि करूही नये. पण बाणाचे पाते निवडणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही. हे जनावर किती वेळात मरेल? फासकी लावणारा हा प्रश्न कधी विचारत नाही.

बंदुकीची गोळी धक्क्याने मारते. बाणात तेवढा जोर नसतो. तो कापतो आणि रक्तस्रावाने जनावर मरते. म्हणून सारी भिस्त पात्याच्या धारेवर असते. बोथट पाते रक्तवाहिनीला नुसते बाजूला ढकलते, धारदार पाते ती सपकन कापते. पुढच्या पायामागे, फुप्फुसांतून बाण आरपार गेला तर जनावर थोड्याच क्षणांत कोसळते. पोटात लागला तर ते तासन्‌तास तडफडते.

टोकाचा आकार कामाप्रमाणे बदलावा हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. चौदाव्या शतकातील ‘शार्ङ्गधरपद्धती’त धनुर्विद्येचा भाग आहे. त्यात बाणाच्या फाळांचे प्रकार आणि त्यांची कामे दिली आहेत. सूचीमुख, म्हणजे सुईसारखे टोक, कवच भेदण्यासाठी. भल्ल हृदयाचा वेध घेण्यासाठी.

आजची पातीही मुख्यतः दोन जातींची. एक घट्ट बसवलेले, दुसरे मिटलेले राहून लागताक्षणी उघडणारे. उघडणारे पाते रुंद जखम करते, पण उघडण्यातच बाणाचा काही जोर खर्च होतो. हरणाच्या पातळ कातडीला ते चालते. रानडुकराचे तसे नाही. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर चिवट, जाड थराची ढालच असते. तिथे घट्ट बसवलेले, दोन धारांचे मजबूत पाते आणि वजनदार बाण लागतो. अमेरिकेचे डॉ. एड अ‍ॅश्बी यांनी आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर बाणांच्या चाचण्या केल्या. जाड हाड भेदायचे तर पात्यासह बाणाचे वजन सुमारे ४२ ग्रॅम हवे, असा त्यांचा निष्कर्ष. स्पर्धेतला बाण साधारण याच्या निम्म्या वजनाचा असतो. शिवाय बाणाची काडी धनुष्याच्या ताकदीला साजेशी ताठ हवी; नाहीतर बाण डोलत जातो, तिरका लागतो आणि त्याचा जोर वाया जातो.

जिथे अशी शिकार चालते तिथे कायदाही पात्यापर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पाते किमान सात-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि निदान दोन पोलादी धारांचे असावे लागते. ब्रिटन आणि जर्मनीत तर मोठ्या जनावरांवर बाण सोडायलाच बंदी आहे. जनावर जखमी होऊन पळेल ही भीती त्यामागे आहे. परवानगी देणारा आणि बंदी घालणारा, दोघांनाही चिंता एकाच गोष्टीची.

आता आपल्या बांधावरची फासकी पाहा. मोटारसायकलच्या क्लचची तार, एक गाठ, एक खुंटा. तिला ना जनावर ओळखता येते, ना त्याचे मर्मस्थान. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या कमरेला अडकतो आणि तार मांसात रुतत जाते. सिंधुदुर्गात अशा बातम्या नव्या नाहीत. कधी गुराचा पाय सापडतो, कधी कुत्र्याचा. लावणारा मात्र घरी झोपलेला असतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणे हीसुद्धा शिकारच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. तरी त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, पिकाची नासधूस करणाऱ्या डुकराला मारण्याची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. नुकसानीची भरपाईही वन खात्याकडे मागता येते. या वाटेत कागद आहेत, हेलपाटे आहेत, उशीर आहे. तो कमी झाला पाहिजे आणि त्यासाठी शेतकऱ्याने मोठ्याने बोललेही पाहिजे. शेतकऱ्याचा राग खोटा नाही.

पण पीक वाचवण्यासाठी जीव घ्यायची वेळ आलीच, तर तो कोणाचा, कसा आणि किती वेळात, हे घेणाऱ्याला माहीत असले पाहिजे. बाणाचे पाते पारखणारा निदान तेवढी जबाबदारी घेतो. तार बांधून घरी जाणारा ती घेत नाही. आपल्या बांधावर अशी तार दिसली तर ती सोडवा, आणि वन खात्याला कळवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)