वेदना आणि आपले लक्ष



जेवढी इजा तेवढी वेदना, असे आपण धरून चालतो. परंतु कढत पाण्यात एक बोट सोसवते. त्याच पाण्यात सबंध हात घातला की जीव कळवळतो. पाणी तेच, पण पोळणारी जागा वाढली आणि मेंदूने संवेदनांची बेरीज केली.

ही बेरीज मात्र यांत्रिक नाही. क्वेवेडो आणि कॉगहिल या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्वचेवर दोन ठिकाणी चटके दिले. दोन्हींची मिळून वेदना सांगा म्हटले, तेव्हा ती एका चटक्याहून जास्त भरली. प्रत्येक जागेची वेगवेगळी सांगा म्हटले, तेव्हा ही वाढ उरलीच नाही. उष्णता तीच होती. बदलले ते लक्ष!

म्हणून वेदना खोटी, असा अर्थ कोणी काढू नये. दिवसभर ओझी वाहणाऱ्या बाईची पाठ रात्री अधिक ठणकते, तेव्हा "मनाचे खेळ" म्हणून तिला गप्प बसविणे आम्ही अन्याय समजतो. कामात गुंतलेले तिचे लक्ष रात्री मोकळे होते, हेही त्याचे एक कारण असू शकते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले की, मेंदूकडून खाली येणारे संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवू शकतात. म्हणजे मनाचा म्हणतात तो खेळही शरीरातच चालतो.

तेव्हा दवाखान्यात गेल्यावर नुसते "दुखते" म्हणू नये. किती भागात दुखते, कशात गुंतल्यावर कमी वाटते, हेही डॉक्टरांना सांगावे. आणि डॉक्टरांनी ते ऐकावे, असे आम्हांस वाटते.